हाईम म्हणजे जीवित

नांव ठेवावें तर अर्थ जाणून. जर्मनींतील लाइप्झिग शहरीं हाईम आइटिंगोन (१८५७–१९३२) नांवाचे एक ज्यू व्यापारी होऊन गेले. धंदा थंडीच्या कपड्यांसाठीं लागणाऱ्या केसाळ कातड्यांचा, संपत्ति अमाप. ‘हाईम’ म्हणजे हिब्रू भाषेंत जीवित. हा शब्द रूपानें अनेकवचनी आहे, आपल्या ‘प्राणाः’प्रमाणेंच! अत्यवस्थ रोग्यास हें नांव जोडण्याची ज्यूंत चाल आहे.

त्यांच्या दानांतून १९२२ सालीं प्रार्थनामंदिर झालें. त्याचें नांव ‘एत्स हाईम’, म्हणजे जीवनवृक्ष. शब्द धर्मग्रंथांतला, पण दात्याचें नांव त्यांत अलगद मावलें. देवळाच्या पायरीवर नांव कोरून घेण्यापेक्षां आम्हांस ही रीत गोड वाटते. १९२८ सालीं त्यांच्याच देणगीनें रुग्णालय निघालें. तेथें धर्म न पाहतां रोगी घेत. ‘जीवित’ नांवाच्या गृहस्थानें याहून सार्थ तें काय द्यावें?

नोव्हेंबर १९३८ मध्यें नाझींनीं तें प्रार्थनामंदिर जाळलें. पुढच्या वर्षीं रुग्णालयांतून रोग्यांस बाहेर काढलें. रुग्णालयाजवळच्या रस्त्यास दिलेलें आइटिंगोन हें नांवही पुसलें गेलें. तो रस्ता आज पुन्हां त्याच नांवानें ओळखला जातो.