आवाज आपल्याच घरातला

परवा आमच्या बचत गटाच्या बैठकीत विषय निघाला तो रात्रीच्या फटफट्यांचा. शेजारच्या आळीत बाळंतपणाला माहेरी आलेली एक लेक रडवेली होऊन सांगत होती, "बाळाचा जरा डोळा लागला, की साडेदहाला ती गाडी धडधडत येते. दचकून उठतं ते तासभर रडतं." पोलिसांत अर्ज द्यायचं ठरलं. लिहायला अर्थात मीच बसले. "गाडी कुणाची?" विचारलं, तर सगळ्या गप्प. शेवटी एकजण हळूच म्हणाली, "ताई, तुमच्याच चिरंजीवांची."

खोटं कशाला बोलू? तो आवाज मी रोज ऐकत होते. पण मला तो पोरगा सुखरूप घरी आल्याची खूण वाटायचा! आणि त्या सायलेन्सरला भिशीतले पैसे मीच दिले होते. "आई, पिकअप वाढतो गं," म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिककडे गेले. तो हसला. म्हणाला, "काकू, नुसत्या सायलेन्सरनं जाणवण्यासारखा पिकअप वाढत नाही, वाढतो तो आवाज." कंपनीच्या सायलेन्सरमध्ये कप्पे आणि जाळ्या असतात. इंजिनाचा धूर त्यातून फिरत फिरत बाहेर पडतो, म्हणून आवाज शमतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा गाड्यांत धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही धुराच्या मार्गातच बसवलेला असतो. हौसेच्या सायलेन्सरपायी पुष्कळदा तोही निघतो. म्हणजे पैसे मोजून आपण आवाज आणि धूर दोन्ही विकत घेतो.

पोरं म्हणतात, मोठ्या आवाजानं समोरच्याला गाडी कळते, अपघात टळतो. अहो, सायलेन्सरचं तोंड मागे असतं! पुढच्या माणसासाठी हॉर्न आहे, ब्रेक आहे.

कायदाही काही मऊ नाही. राहत्या वस्तीत रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा आहे ४५ डेसिबल. आवाजाचे आणि धुराचे नियम मोडणारी गाडी चालवली, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. लायसन्स तीन महिने जातं ते वेगळंच.

गंजून भोक पडलं, तर सायलेन्सर बदलावाच लागतो, मान्य. पण तेव्हाही कंपनीचाच घ्यावा. थोडा महाग पडला तरी चालेल.

जुना सायलेन्सर माळ्यावर होता. तो बसवायला लावला, तर चिरंजीव चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी मी त्याला त्या बाळाच्या घरी डिंकाचे लाडू द्यायला पाठवलं. परत आला तो मान खाली घालून. नंतर विषय निघाला नाही.

मैत्रिणींनो, गाडीतलं आपल्याला काय कळतं, असं म्हणून आपण पैसे काढून देतो. पुढच्या वेळी देण्याआधी एवढंच विचारा, "ह्यानं कुणाची झोप जाणार आहे?" दुसऱ्याच्या पोराविरुद्ध अर्ज लिहिणं सोपं असतं. अर्ज लिहायची सुरुवात आपल्याच घरापासून करायला काय हरकत आहे?