‘आपण’ म्हणजे नेमके कोण?

‘पानिपतावर आपण हरलो’ हे वाक्य इतके सहज लिहिले जाते की त्यातील सर्वनामाकडे कोणाचे लक्ष जात नाही. मराठीतील ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला बाहेर ठेवते, ‘आपण’ त्याला आत घेते. तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनम’ असा हाच भेद आहे. प्रमाण हिंदीच्या ‘हम’मध्ये तो नाही. म्हणजे मराठीत लिहिणाऱ्याला निवड करावीच लागते, आणि वाचक मात्र न विचारताच ‘आपण’मध्ये ओढला जातो.

१४ जानेवारी १७६१ रोजी मराठ्यांच्या बाजूने इब्राहिमखान गारदी तोफखाना घेऊन लढला. आजच्या ‘आपण’मध्ये त्याला जागा असते का? बहुधा नसते. १ जानेवारी १८१८ चे कोरेगाव तर आणखी अवघड. कंपनीच्या फौजेत महार शिपाई, समोर पेशव्यांचे सैन्य, आणि त्या सैन्यात अरबही. त्या लढाईविषयी ‘आपण’ लिहिणाऱ्याने एक बाजू आधीच घेतलेली असते. दुसरीकडचा मराठी वाचक तेथेच परका होतो.

‘मराठे’, ‘कंपनी’, ‘पेशव्यांचे सैन्य’ ही नामे कोरडी वाटतात खरी. तरी लढाईच्या वर्णनात तीच वापरावीत. ‘आपण’ वाचकाशी बोलण्यापुरते ठेवावे: आता आपण नकाशा पाहू.