सुईतपासणीचा निर्दोष अहवाल आणि आपली नोंदवही

मान, काख वा स्तन येथील गाठ घेऊन शिळफाटा, खोपोली परिसरातील वैद्याकडे येणाऱ्या रुग्णाच्या हाती पुष्कळदा पनवेल किंवा मुंबईचा सुईतपासणीचा (एफएनएसी) अहवाल असतो. 'कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत' हे वाक्य वाचून रुग्ण निर्धास्त होतो, औषधविक्रेता कांचनार गुग्गुळ पुढे करतो आणि वैद्यही अधिक चौकशी करीत नाही. या वाक्याचे वजन किती, हे आपण जाणून घेतलेच पाहिजे.

समजा, 100 गाठींपैकी 40 कर्करोगाच्या आहेत. तपासणीची संवेदनशीलता 90 टक्के असल्यास 36 सापडतील, 4 निसटतील. विशिष्टता 95 टक्के असल्यास उरलेल्या 60 पैकी 57 निर्दोष ठरतील, 3 वर अकारण ठपका येईल. म्हणजे 61 निर्दोष अहवालांपैकी 4, सुमारे पंधरांत एक, फसवे असतील. हीच तपासणी 100 त 20 कर्करोग असलेल्या गटात केली, तर 78 निर्दोष अहवालांत केवळ 2 फसवे निघतील. तपासणी तीच, पण अहवालाची विश्वासार्हता बदलली. म्हणून कठीण, न हलणारी, वाढत जाणारी गाठ हाताला लागत असताना निर्दोष अहवालावर विसंबणे योग्य नव्हे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात 11 व्या अध्यायात ग्रंथी, अपची व अर्बुद यांची लक्षणे शेजारी शेजारी दिली आहेत. तो भेद जाणणारा स्पर्श येथे उपयोगी पडतो.

दुसरी बाब अपुऱ्या नमुन्याची. गलग्रंथीच्या सुईतपासणीसाठी 2010 साली ग्रंथरूपाने आलेल्या 'बेथेस्डा' पद्धतीत सहा वर्ग आहेत. त्यांतील पहिला 'निदानास अपुरा' हाच आहे. सामान्यतः किमान 10 पेशींचे 6 पुंजके दिसल्याखेरीज नमुना पुरेसा मानीत नाहीत. अपुरा अहवाल म्हणजे निर्दोष अहवाल नव्हे. तेथे तपासणी पुन्हा करवून घ्यावी.

तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची. तपासणीची अचूकता ठरविताना तिची तुलना बहुधा शस्त्रक्रियेनंतरच्या ऊतिपरीक्षणाशी करतात. परंतु निर्दोष अहवाल मिळालेल्या अनेकांची शस्त्रक्रियाच होत नाही. ते घरी परततात, रुग्णालयाच्या हिशेबातून गळतात. निसटलेले रुग्ण मोजलेच न गेल्याने संवेदनशीलता वास्तवाहून चांगली भासते. हे गळालेले रुग्ण जातात कोठे? त्यांतील कित्येक आपल्याकडे येतात!

म्हणूनच मोजणीतील ही उणीव भरून काढण्याचे सामर्थ्य आपल्या नोंदवहीत आहे. गाठीचे स्थान व माप, अहवालाचा नेमका वर्ग, तीन, सहा व बारा महिन्यांनंतरची स्थिती आणि अंतिम निदान, एवढे रकाने पुरेत. गाठ वाढली की वाट न पाहता रुग्णास शल्यचिकित्सकाकडे धाडावे. औषधविक्रेत्या बंधूंनीही अहवाल वैद्यास दाखविल्याविना गाठीवरचे औषध देऊ नये.

आपल्याच खालापूर तालुक्यात ताम्बाटी येथे टाटा स्मारक केंद्राच्या आयुर्वेद रुग्णालयाची योजना आहे. तेथील संशोधकांसमोर आपण केवळ अनुभवाच्या गोष्टी घेऊन जाणार, की मोजता येतील अशा नोंदी, याचा निर्णय आजच करावयास हवा. नोंदीवाचून केलेला दावा रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो, याचे भान प्रत्येक व्यावसायिकाने ठेवावे, ही विनंती.