स्वमग्न मुलाचे कॉलेज: तयारी नववीपासूनच हवी

दहावीचा निकाल लागतो. ऑटिझम म्हणजे स्वमग्नता असलेल्या मुलाला चांगले गुण मिळतात, घरात पेढे वाटले जातात आणि प्रवेशही होतो. पुढच्या दोन-तीन महिन्यांत मात्र यातली काही मुले कॉलेजला जायलाच नकार देऊ लागतात. ‘अभ्यास झेपत नसेल’ असा अंदाज घरचे बांधतात. अनेकदा अडचण अभ्यासाची नसते. शाळेने आणि आईने दहा वर्षे गाजावाजा न करता उचललेला भार एका दिवसात त्याच्या एकट्याच्या खांद्यावर आलेला असतो.

शाळेत वर्ग एक, बाक ठरलेला, बाई ओळखीच्या. डायरी राहिली तर घरी फोन येतो. महाराष्ट्रात अकरावीपासूनच ‘कॉलेज’ सुरू होते, म्हणजे ही सगळी चौकट पंधरा-सोळाव्या वर्षीच सुटते. वर्ग मोठा होतो, तासागणिक खोली बदलते, एखादा तास ऐनवेळी रद्द होतो आणि त्याची सूचना व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या शंभर संदेशांत हरवते. पदवीला गेल्यावर नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुख्य विषय, दुय्यम विषय आणि श्रेयांक यांची जुळवाजुळवही विद्यार्थ्यालाच करावी लागते.

स्वमग्नता हा आजार नाही. मेंदूच्या विकासातले ते वेगळेपण आहे आणि गुणपत्रिकेवरून त्याचा अंदाज येत नाही. गणितात नव्वद गुण मिळवणारा मुलगा रिकाम्या तासाला कुठे बसायचे हे न कळून जिन्यातच उभा राहू शकतो. कॅन्टीनचा गोंगाट त्याला असह्य होतो. ‘जर्नल लवकर द्या’ म्हणजे नेमके कधी, हे त्याला उमगत नाही. चारचौघांसारखे वागण्याच्या खटाटोपात दिवसभर दमलेले मूल घरी येऊन चिडते किंवा गप्प होते. स्वमग्न तरुणांमध्ये चिंता आणि नैराश्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळते. त्यामुळे झोप, भूक किंवा बोलणे बदलले, तर ‘होईल सवय’ म्हणून सोडून न देता मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला हवे.

कायदा या मुलांच्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांत स्वमग्नतेचा समावेश आहे. शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान 5 टक्के जागा राखीव आहेत; कमाल वयातही पाच वर्षांची सवलत मिळते. मान्यताप्राप्त संस्थेने विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोय करून द्यायची असते आणि ती नाकारणे हा कायद्याने भेदभाव ठरतो. केंद्राच्या परीक्षाविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार लेखनिक घेणाऱ्याला तासाला किमान 20 मिनिटे जादा वेळ मिळतो. मात्र यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड हाताशी हवे. प्रवेशाच्या गडबडीत त्यासाठी धावपळ करण्यापेक्षा ते काम दहावीच्या आधीच उरकलेले बरे.

कागदांनी दार उघडते, पण आत रोज जायचे असते मुलाला. त्याची तयारी नववीपासून सुरू करता येते. स्वतः गजर लावून उठणे, बसचा पास काढणे, दुकानदाराला ‘हे नको, ते द्या’ म्हणणे, चुकीच्या थांब्यावर उतरल्यास काय करायचे ते ठरवणे, ही कामे एकेक करून त्याच्याकडे सोपवावीत. आईने आधी कॉलेजच्या फाटकापर्यंत जावे, मग स्टेशनपर्यंत, मग ‘पोचलो’ या एका संदेशावर समाधान मानावे. कॉलेज सुरू होण्यापूर्वी दोन-तीन फेऱ्या माराव्यात आणि स्वच्छतागृह, ग्रंथालय आणि शांत बसण्याचा एखादा कोपरा दाखवून ठेवावा.

सगळ्यात अवघड प्रश्न असतो: सांगायचे की नाही? न सांगता सवलत मिळत नाही आणि सांगितले तर शिक्का बसेल ही भीती असते. हा निर्णय मुलाला बाजूला ठेवून घेऊ नये. आपल्याला काय चांगले जमते, कशाचा त्रास होतो आणि त्या वेळी इतरांनी काय करावे, हे त्याने स्वतःच्या शब्दांत एका पानावर लिहावे. ते पान प्राचार्यांना आणि वर्गाच्या जबाबदार प्राध्यापकांना द्यावे. साऱ्या वर्गाला कळलेच पाहिजे असे नाही. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर तो कायद्याने सज्ञान होतो, त्यामुळे स्वतःची गरज स्वतः मांडण्याची ही सवय पुढेही लागणार असते.

कॉलेजांनाही यात फार खर्च नाही. अडचण आल्यास भेटायचे एक ठरलेले प्राध्यापक, तारखेसह लेखी सूचना, परीक्षेसाठी शांत खोली आणि प्रात्यक्षिकाचे गट शिक्षकांनीच पाडून देणे, एवढ्यानेही बरेच काम होते. ‘आपापले जोडीदार निवडा’ म्हटले की हेच मूल एकटे उरते.

पहिल्या वर्षाचे यश गुणांत मोजू नये. मूल रोज जाते आहे, परत येऊन नीट जेवते आहे आणि अडले तर कोणाला तरी विचारते आहे, एवढे पुरे. नियमित कॉलेज मानवलेच नाही, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालय आणि यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे मार्ग खुले आहेत. ती माघार नव्हे. कोणत्या वाटेने आणि किती वेगाने जायचे, हे त्याच्या बेताने ठरवणे आहे.