नमुना आणि त्याची वेळ

धान्याचा व्यापारी पोत्यात पोकळ सळई खुपसून मूठभर दाणे तळहातावर घेतो आणि मालाची प्रत ठरवतो. तो नमुना सकाळी घेतला काय किंवा संध्याकाळी घेतला काय, गहू तोच राहतो. सोन्याचा कस आज लावा अथवा उद्या लावा, उत्तर एकच येते. परंतु आपल्या वाचकांपैकी कित्येक कुटुंबे आता पेढीवरून कारखान्याकडे वळली आहेत. रंग, रसायने आणि रेझिन यांचे उत्पादन करीत आहेत. तेथे नमुना ही निराळीच वस्तू ठरते. रिअ‍ॅक्टरमधील माल मिनिटागणिक बदलत असतो. त्यामुळे नमुन्याची दोन अंगे असतात: बाटलीतील द्रव आणि तो काढल्याची वेळ. दुसरे अंग खोटे असेल तर पहिल्याची कितीही सूक्ष्म तपासणी केली तरी ती व्यर्थ होय.

वेळ मोजून रासायनिक क्रियेचा वेग ठरविण्याची पद्धत जुनी आहे. जर्मन शास्त्रज्ञ लुडविग विल्हेल्मी याने १८५० मध्ये उसाच्या साखरेच्या द्रावणावर आम्लाची क्रिया कशी होते, हे ठराविक अंतराने निरीक्षणे घेऊन नोंदले आणि त्यावरून वेगाचा नियम मांडला. आजचा कारखानदार तेच काम अधिक तप्त आणि अधिक धोक्याच्या पात्रावर करीत असतो.

तैलरंगात वापरल्या जाणाऱ्या अल्किड रेझिनचे उदाहरण घेऊ. जवस किंवा सोयाबीनचे तेल आणि ग्लिसरीन प्रथम सुमारे २४० अंश सेल्सिअसला एकत्र तापवितात. पुढे त्यात थॅलिक अनहायड्राइड घालतात. क्रिया होताना पाणी निघते; ते झायलीनच्या साहाय्याने बाहेर काढले जाते. जसजशी क्रिया पुढे सरकते तसतशी मालातील आम्लता उतरते आणि दाटपणा चढतो. म्हणून दर अर्ध्या किंवा एक तासाने नमुना काढून प्रयोगशाळेत दोन गोष्टी पाहतात. पहिली अ‍ॅसिड व्हॅल्यू, म्हणजे एक ग्रॅम रेझिनमधील आम्ल शमविण्यास किती मिलिग्रॅम कॉस्टिक पोटॅश लागते तो आकडा. दुसरी म्हणजे थिनरमध्ये विरघळविलेल्या नमुन्याचा दाटपणा. हे आकडे आलेख-कागदावर मांडले की भट्टी केव्हा थांबवावयाची याचा अंदाज बांधता येतो.

शेवटच्या टप्प्यात दाटपणा झपाट्याने वाढतो. थांबविण्यास उशीर झाला तर संपूर्ण माल रिअ‍ॅक्टरमध्येच थिजून बसतो. तो मग वितळत नाही आणि विरघळतही नाही.

आता एक हिशेब करू. समजा, रात्री २ वाजता अ‍ॅसिड व्हॅल्यू २४ होती आणि पुढील नमुन्यात ती १६ आली. नोंदवहीत वेळ ३ लिहिली आहे. सोयीसाठी वेग एकसारखा धरला तर तासाला ८ अंकांची घट झाली. १० वर येण्यास ३ वाजून ४५ मिनिटे होतील. परंतु कामगाराला तीन वाजता दुसऱ्या यंत्रावर जावयाचे होते, म्हणून त्याने नमुना २ वाजून ४० मिनिटांनीच काढला आणि वहीत मात्र ठरलेली वेळ लिहिली. मग खरा वेग तासाला १२ अंकांचा आहे आणि १० चा आकडा ३ वाजून १० मिनिटांनीच गाठला जाणार आहे. पर्यवेक्षक ज्या ३५ मिनिटांवर विसंबून बसला आहे, ती मुळात शिल्लकच नाहीत.

थिजलेला माल बाहेर काढणे म्हणजे केवळ पैशाचे नुकसान नव्हे. तो फोडण्यासाठी माणसाला पात्रात उतरविण्याचा विचार होतो. तेथे झायलीनच्या वाफा असू शकतात, प्राणवायू अपुरा असू शकतो. आतील हवेची तपासणी, लेखी परवाना, कमरेचा दोर आणि तोंडाशी सतत उभा असलेला सोबती यांवाचून बंद पात्रात उतरणे हा जिवाशी खेळ आहे. वीस मिनिटांची खोटी नोंद अशा ठिकाणापर्यंत जाऊन पोहोचते.

नमुना काढण्याचेही शास्त्र आहे. नळीत साचून राहिलेला द्रव आधीच्या वेळेचा असतो. तो प्रथम काढून टाकावा आणि नंतरचा घ्यावा. ढवळणी चालू असावी. काढलेला नमुना तत्काळ थंड करावा, कारण बाटलीतही क्रिया चालूच राहते. वेळ लिहावयाची ती नमुना काढल्याची, प्रयोगशाळेत पोहोचल्याची नव्हे. रिअ‍ॅक्टर आणि प्रयोगशाळा यांची घड्याळे जुळलेली असावीत. उकळत्या द्रावकावरचे झाकण उघडून, दोरीला बाटली बांधून नमुना काढण्याची जुनी सवय सोडून द्यावी आणि बंद नळीची सोय करावी. वाफेला ठिणगी पुरते आणि चेहऱ्याला एक शिंतोडा पुरतो.

बँकेत कर्जखात्यांची तपासणी करताना मालसाठ्याची मासिक विवरणपत्रे पाहण्याचे काम मी अनेक वर्षे केले. ज्या विवरणपत्रात प्रत्येक आकडा गोल आणि प्रत्येक महिना सारखा असे, तेथे गोदाम प्रत्यक्ष पाहण्याची गरज अधिक वाटे. कारखान्याच्या नोंदवहीलाही हीच कसोटी लावावी. २.००, २.३०, ३.०० अशा वेळा रात्रभर एकाच शाईत, एकाच वळणात लिहिलेल्या दिसल्या, तर ती वही पाळी संपताना एका बैठकीत भरली गेली असण्याचा संभव मोठा. २.०४, २.४०, ३.०७ अशी ओबडधोबड वही अधिक विश्वासार्ह होय.

मात्र दोष केवळ कामगाराच्या माथी मारणे न्याय्य नाही. रात्रपाळीत एका माणसावर तीन यंत्रे सोपविली आणि उशिराची वेळ लिहिली म्हणून सकाळी त्याला बोल लावला, तर तो पुढच्या वेळी ठरलेलीच वेळ लिहील. खरी वेळ लिहिणाऱ्याला मालकाने अभय द्यावे. उशीर का झाला, हे विचारावे आणि कारण माणसांच्या कमतरतेचे असेल तर माणूस वाढवावा. त्या एका पगाराची बचत जमाखर्चात दिसते. थिजलेली भट्टी आणि पात्रात उतरणारा माणूस हा तिचा दुसरा रकाना आहे.