पुणेरी पलटणची खेळाडूभरती आणि आपल्या गावचा पोरगा

या पानावर आपण नेहमी बियाणे, खत, खारभूमीचे बांध आणि पांढरा कांदा यांवर बोलतो. आज कबड्डीवर बोलू. विषय शेतीपासून फार लांबचा नाही. उरण, पेण, अलिबाग, रोहा, मुरूड या पट्ट्यात भात झोडून झाले की मोकळ्या शेतात मैदान आखले जाते आणि खेळायला उतरतात ती आपल्याच घरची पोरे. घरातला मुलगा शेतात कमी आणि सरावाला जास्त दिसू लागला, की बाप विचारतो, "यात पुढे काय आहे?" हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर मोठे संघ खेळाडू घेतात कसे, ते समजून घेतले पाहिजे.

त्यासाठी पुणेरी पलटणचे उदाहरण घेऊ. आपल्या राज्यातले प्रो कबड्डीचे संघ दोन, यू मुंबा आणि पुणेरी पलटण. यू मुंबाने २०१५ साली विजेतेपद मिळवले. पुण्याला त्यासाठी दहाव्या हंगामापर्यंत थांबावे लागले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पुणे पहिल्यांदा विजेते झाले. त्याच्या आदल्या हंगामात, डिसेंबर २०२२ मध्ये, जयपूरकडून अंतिम सामन्यात ३३-२९ अशी हार झाली होती. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दबंग दिल्लीकडून ३१-२८ अशी पुन्हा अंतिम सामन्यात हार झाली. म्हणजे चार हंगामांत तीन वेळा अंतिम फेरी. हे नुसत्या नशिबाने होत नाही. भरतीचे धोरण ठरलेले असले तरच होते.

घरचे आवण, विकतचे थोडे

प्रो कबड्डीत खेळाडू दोन वाटांनी येतात. पहिली वाट लिलावाची. २०२५ च्या लिलावात प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा ५ कोटी रुपये होती. खेळाडूंचे अ, ब, क, ड असे चार गट होते आणि त्यांच्या मूळ किमती अनुक्रमे ३० लाख, २० लाख, १३ लाख आणि ९ लाख होत्या. दुसरी वाट नव्या तरुण खेळाडूंची. संघाचे लोक राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धा पाहतात, चाचणी घेतात आणि कोवळी पोरे लिलावाबाहेर करार करून घेतात. या पोरांना पैसा कमी मिळतो, पण संघ त्यांना तयार करतो आणि पुढचे काही हंगाम आपल्याकडे ठेवतो.

पुण्याने भर दिला तो या दुसऱ्या वाटेवर. अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे दोघे २०२१-२२ च्या आठव्या हंगामात पुण्याकडून पहिल्यांदा खेळले, तेव्हा त्यांना फारसे कोणी ओळखत नव्हते. अस्लम आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातला, मोहित हरियाणाचा. दोनच हंगामांनी अस्लम विजेत्या संघाचा कर्णधार होता. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात अस्लम होता आणि पुण्याचाच आकाश शिंदेही होता. पंकज मोहिते, आदित्य शिंदे, गौरव खत्री, अबिनेश नादराजन यांनाही पुण्याने असेच मुरू दिले.

मग पुणे विकत काहीच घेत नाही का? घेते, पण जिथे जागा रिकामी आहे तिथेच. २०२२ ला इराणचा बचावपटू फजल अत्राचली याला १ कोटी ३८ लाखांना घेतले. २०२३ ला इराणच्याच मोहम्मदरेझा शादलू याच्यासाठी २ कोटी ३५ लाख मोजले आणि त्या वर्षी विजेतेपद आले. पुढच्या वर्षी मात्र त्याला सोडून दिले आणि घरची पोरे राखली.

आपल्या भाषेत सांगायचे तर राब नीट भाजायचा, आवण जोमदार करायचे आणि लावणीत जिथे खाचा पडतील तिथेच बाहेरची रोपे लावायची. सगळीच रोपे विकत आणून लावणी केली तर खर्च दुप्पट होतो, आणि ती आपल्या मातीत रुजतील याची खात्री नसते.

भाव चढतो तसा उतरतो

लिलावाचे आकडे ऐकून आपले डोळे दिपतात. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग खेळाडू राकेशकुमार १२ लाख ८० हजारांना गेला होता. २०२५ ला दहा खेळाडूंनी एक कोटीचा आकडा ओलांडला. पण यातली दुसरी बाजूही बघा. चढाईपटू सचिन तंवर २०२४ ला तमिळ थलैवाजकडे २ कोटी १५ लाखांना गेला. वर्षभराने तोच खेळाडू पुण्याला १ कोटी ५ लाख ८० हजारांना मिळाला. एका हंगामात भाव निम्म्यावर आला. कांद्याच्या बाजारात हे आपण दरसाल बघतो, पोरांच्या बाबतीत मात्र विसरतो.

आणखी एक हिशेब करा. संघ बारा. एका संघात जास्तीत जास्त २५ खेळाडू. म्हणजे सगळ्या देशातले आणि परदेशातले मिळून तीनशे जण. भरतीत गाव किंवा भाषा बघितली जात नाही. पुण्याच्या संघात हरियाणाचा आणि तमिळनाडूचा पोरगा असतो, तसा रायगडचाही असू शकतो. पण त्याची स्पर्धा साऱ्या देशाशी आहे.

येत्या हंगामात पुण्याचे काय?

पाया भक्कम आहे, असे माझे मत आहे. २०२५ चा संघ नवे प्रशिक्षक अजय ठाकूर यांच्या हाताखाली तीन गुणांनी विजेतेपदाला मुकला. असा संघ मोडून नवा बांधण्याची गरज नसते. तरी तेराव्या हंगामाची यादी हातात येईल तेव्हा तीन गोष्टी तपासा.

एक, अस्लमचे गुडघे. २०२४ च्या अकराव्या हंगामात तो जखमी होऊन बाहेर गेला आणि गतविजेता संघ बाद फेरीतसुद्धा पोहोचला नाही. एकाच बैलावर नांगर चालत नाही. त्याच्या जोडीला दुसरा भरवशाचा चढाईपटू आहे का, हे बघा. २०२५ च्या बाद फेरीत आदित्य शिंदेने ती जबाबदारी उचलली, ही जमेची बाजू.

दोन, तयार झालेली पोरे टिकतात का? पोरगा नावारूपाला आला की त्याचा भाव वाढतो आणि ५ कोटींच्या मर्यादेत सगळ्यांना राखता येत नाही. आकाश शिंदे असाच पुण्याहून बंगळूरुकडे गेला. ज्याने आवण चांगले केले, त्याच्याच रोपांना गिऱ्हाईक येते.

तीन, नव्या तरुणांच्या यादीत किती नावे आहेत? पाच-सहा हंगाम एकच पिढी खेळली की संघ म्हातारा होतो. नवी नावे नसतील तर यंदा नाही, पण दोन वर्षांनी संघ खाली येईल.

माझा अंदाज असा, की मुख्य खेळाडू टिकले आणि दुखापती आवरल्या तर पुणे पुन्हा शेवटच्या चारांत असेल. अंतिम सामन्याचे भाकीत कोणी करू नये. तिथे एका पकडीत होत्याचे नव्हते होते.

आपल्या गावाने काय धडा घ्यावा?

पूर्वी आपल्या पट्ट्यातल्या चांगल्या खेळाडूला मुंबईची नोकरी मिळे. रेल्वे, पोलीस, बँका, विमान कंपनी, मोठे कारखाने यांचे व्यावसायिक संघ होते. खेळाडू दिवसा कामावर आणि संध्याकाळी मैदानात. गुडघा गेला तरी पगार चालू राही आणि शेवटी पेन्शन येई. ती वाट आता अरुंद झाली. देना बँक १ एप्रिल २०१९ पासून बँक ऑफ बडोदात विलीन झाली. एअर इंडिया २०२२ ला टाटांकडे गेली. रेल्वे आणि पोलीस दलात अजून खेळाडू घेतात, पण जागा मोजक्या. नवी वाट आली ती लीगची. तिथे पैसा मोठा, पण हमी हंगामापुरती. २०२५ चा हंगाम २९ ऑगस्टला सुरू झाला आणि ३१ ऑक्टोबरला संपला. आपल्याकडे भात पोटरीत येऊन कापणीला लागेपर्यंत जेवढा काळ जातो, तेवढाच.

म्हणून पोराला खेळू द्या, पण पुढच्या गोष्टी आजच करा.

पहिली गोष्ट, कागद. जत्रेच्या स्पर्धेत कितीही ढाली मिळाल्या तरी निवड करणारे जिल्हा आणि राज्य स्पर्धेची यादी बघतात. गावाच्या मंडळाची जिल्हा कबड्डी असोसिएशनकडे नोंदणी आहे का, ते विचारा. कुमार गटाला वीस वर्षांची आणि ७० किलोची मर्यादा असते. जन्मतारखेत फेरफार करून पोराला दोन वर्षे लहान दाखवण्याचा मोह टाळा. एकदा पकडले गेले की सगळे करिअर संपते. शाळेच्या दाखल्यावर, आधारवर आणि जन्म नोंदीवर एकच तारीख असू द्या.

दुसरी गोष्ट, शिक्षण. राज्य सरकारच्या नोकरभरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी पात्र स्पर्धेतले यश, त्या पदाची शैक्षणिक पात्रता आणि क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी, तिन्ही लागतात. बारावी अर्धवट सोडलेल्या पोराला पदकाचा उपयोग अर्धाच. पडताळणीचा अर्ज जाहिरात येण्याची वाट न बघता आधीच करा. माहितीसाठी अलिबागच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जा. मुलींच्या बाबतीत तर हीच मुख्य वाट आहे. २०१६ साली महिलांची प्रो कबड्डी झाली, ती त्या एका वर्षापुरतीच राहिली.

तिसरी गोष्ट सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले पूर्वीचे ग्रामसेवक, यांच्यासाठी. अटल सेतू झाला, नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला, जमिनीला सोन्याचा भाव आला. ज्या शेतात पोरे खेळत होती तिथे कुंपणे पडू लागली. गावाचे एक मैदान ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदीत आणा. ग्रामसभेत विषय घेऊन विकास आराखड्यात घाला. मोठे संघ मॅटवर, बूट घालून खेळतात. मातीत अनवाणी वाढलेला पोरगा चाचणीला पहिल्यांदाच मॅटवर उतरला तर त्याचे पाय अडखळतात. प्रत्येक गावाला मॅट परवडणार नाही, हे मान्य. पण चार-पाच ग्रामपंचायतींनी मिळून एक मॅट घेतली आणि मोठ्या शाळेच्या सभागृहात ठेवली तर पावसाळ्यातही सराव चालेल.

पुणेरी पलटणने जे केले ते आपल्याला नवे नाही. चांगले लोंबर निवडून बियाणे राखणे आपल्या आजोबांनाही ठाऊक होते. संघ पोरे शोधतच आहेत. त्यांच्या यादीत रायगडचे नाव यावे असे वाटत असेल तर मैदान, दाखले आणि शिक्षण या तीन गोष्टींचा विचार येत्या ग्रामसभेत करा. आणि पोरगा लीगमध्ये गेलाच, तर पहिल्या पैशातून गाडी घेण्याआधी बांध दुरुस्त करा. खेळ थांबला की त्याला परत यायला जमीन उरली पाहिजे.