मागणी कुणाची मोजता?

तेलाचे पंडित म्हणतात, मागणी घटली की भाव उतरतो. उतरतो की! २० एप्रिल २०२०ला, टाळेबंदीत, अमेरिकेतला कच्च्या तेलाचा वायदा उणे ३७ डॉलरवर गेला. तेल न्या आणि वर पैसेही न्या. मग आमच्या ताडीवाला रोडवर काय उतरलं? घंटा. ५ मेला दिल्लीनं पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये कर चढवला. उतरलेला भाव मधल्यामधे गिळला. २०२१च्या अंदाजपत्रकात तर रॉकेलच्या अनुदानाला छदामही ठेवला नाही.

चढलेला भाव मात्र थेट आमच्या चुलीपाशी येतो. १९७३ला अरबांनी नळ आवळला, ३ डॉलरचं पिंप काही महिन्यांत १२वर गेलं. तेव्हा माझी आजी पहाटेच रॉकेलच्या रांगेत डबडं ठेवून यायची. उजाडेस्तोवर कुणीतरी ते लाथेनं मागं सारलेलं असायचं. डबड्यालाही जात होती, दोस्तहो. १९७४ला बॉम्बे हायला तेल लागलं. आजीचं डबडं होतं तिथंच.

२०२२ला युक्रेनचं युद्ध पेटलं, सिलिंडर १००० रुपयांच्या पार गेला. शेजारच्या मावशींनी उज्ज्वलाचा रिकामा सिलिंडर कोपऱ्यात सारला, त्यावर फडकं टाकलं आणि तीन विटा मांडल्या. पंडितांच्या वहीत याला म्हणतात, मागणी घटली. अरे, भूक घटली का? खिसा फाटला!

देश ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो. म्हणजे पुढचा भडका ठरलेला. तो यायच्या आत आमचं एवढंच म्हणणं: भाव किती उतरला, त्यातला कर किती, हे रेशन दुकानाच्या फळ्यावर लिहा. नाही लिहिलं तर आम्ही लिहू.